एचआयव्ही आणि पेशी-आसंजन रेणू : विषाणूचे चिकटणेच रोखले तर?

टिळकवाडीकर :
आमच्या भागातल्या एका मोबाइल गटावर सध्या एक मजकूर फिरतो आहे. ‘एचआयव्हीला पेशीवर चिकटूच न देणारे इंजेक्शन आले असून आता रोजच्या गोळ्यांची गरज उरणार नाही’ असा त्याचा सूर आहे आणि पुरावा म्हणून खाली ‘अल्फा-४-बीटा-७’ एवढे एकच नाव दिलेले आहे. मी बेळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालो. हा विषाणू सीडी४ नावाच्या ग्राहीला (पेशीच्या पृष्ठभागावरच्या, बाहेरचे रेणू धरणाऱ्या प्रथिनाला) धरून टी पेशीत, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत, शिरतो, असे आम्ही मुलांना सांगत असू. १९९६ मध्ये सीसीआर५ आणि सीएक्ससीआर४ या सहग्राहींचा शोध लागल्यावर त्यांचीही भर पडली. आता वाचताना दिसते की आयकॅम, इंटिग्रिन, सिलेक्टिन अशा पेशी-आसंजन रेणूंवरही, म्हणजे पेशींना चिकटून राहायला मदत करणाऱ्या रेणूंवरही, पुष्कळ काम झालेले आहे. शिरण्यासाठी सीडी४ आणि एक सहग्राही पुरेसे असतील, तर या बाकीच्या मंडळींचे तिथे काय काम आणि त्यांना अडवणे शक्य असेल तर एवढ्या वर्षांत ते का झाले नाही, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे. त्या इंजेक्शनाबद्दलही लिहावे, कारण जे रोज गोळ्या घेत आहेत त्यांच्याही हाती हा मजकूर पडलेला असणार.

सूक्ष्मदर्शी :
सर, मी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. विषाणूकडे वळण्यापूर्वी हे रेणू निरोगी शरीरात काय करतात ते पाहिले पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा घोळ कळत नाही.

पांढऱ्या पेशी रक्ताबरोबर वेगाने वाहत असतात आणि जंतुसंसर्ग मात्र रक्तवाहिनीच्या बाहेर, ऊतीत झालेला असतो. वाहत्या पेशीने नेमक्या जागी थांबायचे कसे, हा पहिला प्रश्न आहे. मध्यवर्ती बसस्थानकावर गाडी पुरती थांबायच्या आत उतरणारा माणूस जसा दांडा धरून चार पावले गाडीबरोबर पळतो आणि मग पाय रोवतो, तसेच काहीसे येथे घडते. दाह झालेल्या जागी रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी सिलेक्टिन नावाचे रेणू पृष्ठभागावर आणतात; त्यांची पकड सैल असल्यामुळे पांढरी पेशी भिंतीवरून गडगडत जाते व तिचा वेग कमी होतो. त्याच भिंतीवरच्या केमोकाइन या संदेशवाहक प्रथिनांचा संदेश मिळाला की पेशीवरची इंटिग्रिने, जी एरवी वाकून मिटलेली असतात, ती सरळ उभी राहतात आणि अस्तरपेशींवरच्या आयकॅम-१ किंवा व्हीकॅम-१ या रेणूंना घट्ट धरतात. त्यानंतर पेशी भिंतीतून पलीकडे जाते. टी पेशींवरच्या ज्या इंटिग्रिनाचा उल्लेख या धाग्यात वारंवार येईल, त्याचे नाव एलएफए-१ असे आहे आणि त्याचा जोडीदार म्हणजे आयकॅम-१.

या जोडीचे दुसरे काम दोन पेशींच्या भेटीत असते. मारक टी पेशी बाधित पेशीला भेटते तेव्हा मध्यभागी प्रतिजन (जंतूची खूण) ओळखणारे ग्राही गोळा होतात आणि त्यांच्याभोवती एलएफए-१ व आयकॅम-१ यांचे कडे तयार होते. हे कडे बसल्याशिवाय विषारी कणिकांचा मारा नेमका त्याच पेशीवर होत नाही. एचआयव्हीने बाधित झालेल्या पेशी ओळखून नष्ट करणाऱ्या सीडी८ पेशींनाही, म्हणजे याच मारक टी पेशींना, याच कड्याचा आधार असतो. एकच जोडी आपल्या संरक्षणालाही लागते आणि विषाणूच्याही कामी येते, आणि सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच दडलेले आहे.

खानापूरची लेक :
विषाणूच्या कामी येते म्हणजे नेमके कसे? विषाणूवर तर त्याची स्वतःची जीपी१२० प्रथिने असतात ना? मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आम्हाला तेवढेच शिकवले आहे.

सूक्ष्मदर्शी :
असतात, पण फार थोडी. एचआयव्हीच्या एका कणावर जीपी१२० चे काटे सरासरी चौदाच्या आसपास आढळतात. इन्फ्लुएंझाच्या कणावर असे काटे शेकड्यांनी असतात. एवढ्याशा काट्यांवर पेशी शोधून ती धरून ठेवणे विषाणूला अवघडच जावे. इथे त्याच्या जन्माची पद्धत त्याच्या पथ्यावर पडते. नवा कण पेशीच्या बाहेर पडताना त्या पेशीच्याच पटलाचा (बाहेरच्या आवरणाचा) तुकडा गुंडाळून घेतो आणि त्या तुकड्याबरोबर पेशीचे रेणूही येतात. त्यांत आयकॅम-१ असतो, एचएलए-डीआर असतो, आणखीही बरेच काही असते. आयकॅम-१ अंगावर असलेला कण पुढच्या टी पेशीच्या एलएफए-१ ला धरतो आणि दरम्यान जीपी१२० ला सीडी४ गाठायला उसंत मिळते. प्रयोगशाळेत अशा कणांची संसर्गक्षमता आयकॅम नसलेल्या कणांपेक्षा कित्येक पट जास्त भरते आणि काही प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) त्यांना निष्प्रभ करणेही कठीण जाते.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की विश्रांती घेणाऱ्या टी पेशीवरचे एलएफए-१ मिटलेले असते आणि उत्तेजित पेशीवरचे उघडलेले. त्यामुळे आयकॅमधारी विषाणू उत्तेजित पेशींनाच जास्त सहज चिकटतो आणि त्याच पेशींमध्ये त्याची वाढही जोमाने होते.

कणाने मोकळे पोहत जाण्यापेक्षा एका पेशीतून थेट दुसरीत उतरणे तर त्याला आणखी सोयीचे जाते. बाधित पेशी निरोगी टी पेशीला टेकली की दोघींच्या सांध्यावर सीडी४, एलएफए-१ आणि आयकॅम-१ एकवटतात, बाधित पेशी आपले नवे कण त्या बाजूला लोटते आणि अरुंद फटीतून ते पलीकडे जातात. २००४ मध्ये याचे तपशीलवार वर्णन झाले; या सांध्याला विषाणू-सिनॅप्स म्हणतात. जेम्स हिल्ड्रेथ आणि रिमास ओरेंटास यांनी मात्र १९८९ मध्येच दाखवून दिले होते की एलएफए-१ वर प्रतिपिंड टाकले तर बाधित पेशींचे एकमेकींत मिसळून होणारे मोठे गोळे तयार होत नाहीत. सहग्राहींचा शोध लागण्याच्या सात वर्षे आधीचे हे काम असूनही ते फारसे सांगितले जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

शंकेखोर :
मग एलएफए-१ ला अडवणारे प्रतिपिंड औषध म्हणून का दिले नाही? १९८९ पासून माहीत असलेली गोष्ट इतकी वर्षे पडून राहते, तेव्हा त्यामागे औषध कंपन्यांचे काहीतरी गणित असणार, अशी शंका कुणालाही येईल.

सूक्ष्मदर्शी :
शंका रास्त आहे, पण असे औषध खरोखर बाजारात आले होते. त्याचे नाव इफालिझुमॅब. ते एचआयव्हीसाठी नसून सोरायसिससाठी होते, अमेरिकेत २००३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ते एलएफए-१ लाच अडवत असे. त्वचेवरचे चट्टे कमी झाले, परंतु काही रुग्णांना पीएमएल हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला. त्याला कारण असलेला जेसी विषाणू पुष्कळ माणसांच्या शरीरात निमूटपणे पडून असतो. टी पेशींची ये-जा आणि पकड थांबली की तो डोके वर काढतो. २००९ मध्ये ते औषध मागे घ्यावे लागले. अल्फा-४ इंटिग्रिनाला अडवणाऱ्या नॅटालिझुमॅबची गोष्टही अशीच आहे : २००४ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी मान्यता, २००५ मध्ये याच आजारामुळे स्थगिती आणि २००६ मध्ये कडक देखरेखीखाली पुनरागमन. पीएमएल हा आजार मुळात आम्ही कोणत्या रुग्णांत पाहत होतो, तर उपचार न मिळालेल्या एड्सच्या रुग्णांत. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली आहे त्याला असे औषध द्यायचे म्हणजे आगीतून फुफाट्यात लोटण्यासारखे झाले असते.

खानापूरची लेक :
सर, जन्मतःच ज्यांच्याकडे हे रेणू नसतात अशी माणसे असतात का? सीसीआर५ नसलेल्या लोकांना संसर्ग सहसा होत नाही, असे वाचले होते, म्हणून विचारले.

सूक्ष्मदर्शी :
फार चांगला प्रश्न. सीसीआर५ च्या जनुकात डेल्टा-३२ हा दोष आई-वडील दोघांकडूनही आलेली माणसे बहुतेक ठणठणीत असतात, कारण त्या रेणूवाचून शरीराचे फारसे अडत नाही. एलएफए-१ चे तसे नाही. त्याचा सीडी१८ हा भाग ज्यांच्यात तयार होत नाही अशी बाळे जन्माला येतात. या दुर्मिळ आजाराला ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी, प्रकार १ म्हणतात. एरवी आठ-पंधरा दिवसांत गळून पडणारी नाळ तीन-चार आठवडे झाले तरी तशीच राहते आणि तिच्या मुळाशी लाली व सूज येते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी भरमसाठ दिसतात, पण जखमेत पू म्हणून होत नाही, कारण त्या पेशींना रक्तवाहिनीच्या बाहेर पडताच येत नाही. आजार तीव्र असेल आणि अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले नाही, तर अशी बाळे सहसा लहानपणीच दगावतात. तुमच्या प्रसूतिकक्षात कधी उशिरापर्यंत न पडलेली नाळ दिसली, तर हा आजार आठवावा. सीसीआर५ ला अडवणारे मॅराव्हिरॉक २००७ मध्ये औषध म्हणून मान्य झाले आणि एलएफए-१ चे तसे होऊ शकले नाही, यामागचा फरक या दोन उदाहरणांत दिसतो.

टिळकवाडीकर :
वाचतो आहे. डेंड्रायटिक पेशींबद्दलही कुठेसे वाचले होते की त्या विषाणूला स्वतःहून उचलून नेतात. तेही याच विषयात मोडते का?

सूक्ष्मदर्शी :
मोडते. डेंड्रायटिक पेशी त्वचेच्या व श्लेष्मपटलाच्या आसपास पहाऱ्यावर असतात आणि सापडलेला जंतू उचलून लसिका ग्रंथींत टी पेशींना दाखवायला नेतात. २००० मध्ये नेदरलँड्समधील थ्यूनिस गाइटेनबीक, इवेट व्हान कोइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींवरचा डीसी-साइन हा रेणू ओळखला. टी पेशीवरच्या आयकॅम-३ ला धरणे हे त्याचे काम, परंतु तो जीपी१२० वरच्या शर्करांनाही धरतो आणि विषाणूचा कण न पचवता टी पेशीच्या हवाली करतो. पुढे २०१२ मध्ये सिग्लेक-१ हा आणखी एक रेणू पुढे आला. तो जीपी१२० ला नव्हे, तर विषाणूने पेशीकडून आणलेल्या पटलातील गँग्लिओसाइड नावाच्या मेदांना धरतो. प्रगल्भ डेंड्रायटिक पेशींच्या बाबतीत आता त्यालाच जास्त महत्त्व दिले जाते.

उलट उदाहरणही आहे. लँगरहान्स पेशींवरचा (त्वचेच्या वरच्या थरातल्या पहारेकरी पेशींवरचा) लँगरिन हा डीसी-साइनच्याच घराण्यातला रेणू विषाणूला धरतो, पण त्याला आत नेऊन त्याचा नाश करवतो, असे २००७ मध्ये दिसून आले. आणि मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते ते पीएसजीएल-१ चे प्रकरण. हा सिलेक्टिनांचा जोडीदार, म्हणजे अस्सल आसंजन रेणू. तो विषाणूच्या कणावर बसला तर कण अधिक चिकटेल, असेच कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात त्याच्या लांबट दांड्यांमुळे कण पुढच्या पेशीजवळ पोहोचतच नाही. २०१९ आणि २०२० मध्ये हे स्पष्ट झाले. विषाणूचे व्हीपीयू हे प्रथिन या पीएसजीएल-१ ची विल्हेवाट लावते, यावरून तो त्याला किती नडत असेल हे कळते. ‘आसंजन रेणू म्हणजे विषाणूचे साथीदार’ असे सरसकट विधान मला म्हणूनच पटत नाही.

शंकेखोर :
कंपन्यांविषयीचा मुद्दा मी सोडून देतो, पण त्या अल्फा-४-बीटा-७ चे काय? सगळ्या शरीरातली पकड सोडवण्यापेक्षा आतड्यापुरतीच सोडवली तर पीएमएलचा धोका कमी होईल, हे तर सरळ दिसते.

सूक्ष्मदर्शी :
अगदी याच विचाराने ते काम सुरू झाले. अल्फा-४-बीटा-७ हे इंटिग्रिन आतड्याच्या रक्तवाहिन्यांवरील मॅडकॅम-१ या रेणूला धरते आणि टी पेशींना आतड्यात उतरवते. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातील सीडी४ पेशींचा मोठा संहार होतो, मग रक्तातील मोजणी तेवढी घसरलेली नसली तरी. २००८ मध्ये जेम्स आर्थोस, अँथनी फाउची आणि सहकाऱ्यांनी जीपी१२० थेट या इंटिग्रिनाला चिकटते असे मांडले. २०१६ मध्ये माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला : एसआयव्ही या माकडांतल्या एचआयव्हीसारख्या विषाणूची लागण झालेल्या माकडांना काही काळ विषाणुरोधक औषधे आणि त्यासोबत अल्फा-४-बीटा-७ विरुद्धचे प्रतिपिंड दिले, मग सगळे उपचार थांबवले, तरी विषाणू दीर्घकाळ दबून राहिला. मोबाइलवरचा तो मजकूर बहुधा याच बातमीवरून उचललेला असावा.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. २०१९ मध्ये इतर गटांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. मूळ प्रयोगात वापरलेल्या विषाणूच्या नेफ जनुकात अकाली थांबसंकेत होता, म्हणजे तो विषाणू मुळातच काहीसा लंगडा होता, हेही पुढे आले. माणसांना व्हेडोलिझुमॅब हे अल्फा-४-बीटा-७ ला अडवणारे प्रतिपिंड देऊन झालेल्या चाचणीत गोळ्या थांबवल्यावर बहुतेकांत विषाणू परत उसळला. एक गाजलेला निष्कर्ष तीन वर्षांत असा तपासला जाणे हे विज्ञानाच्या तब्येतीचे चांगले लक्षण मानावे; वाईट इतकेच की पहिली बातमी गावोगाव पोहोचते आणि दुसरीला कुणी विचारत नाही.

औषधवाला, निपाणी :
व्हेडोलिझुमॅबविषयी व्यवसायाच्या अंगाने थोडी भर घालतो. हे औषध २०१४ पासून मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी आणि क्रोन्सच्या आजारासाठी मान्य आहे. ३०० मिलिग्रॅमची कुपी थंड साखळीतून येते, सलाइनमधून शिरेवाटे दिली जाते, पहिल्या मात्रेनंतर दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात आणि मग दर आठ आठवड्यांनी. आमच्याकडे अशी चिठ्ठी क्वचितच येते आणि आली तरी औषध कोल्हापूर किंवा बेळगावहून मागवावे लागते. एचआयव्हीसाठी ते कुठेही मान्य नाही. मात्र हा मजकूर दाखवून ‘ही सुई तुमच्याकडे मिळेल का’ असे विचारणारे गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर येऊन गेले आहे.

मलप्रभाकाठ :
मी या जिल्ह्यात समुपदेशक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून वरील अनुभवाकडे लक्ष वेधते. टेबलापलीकडचा माणूस ‘मॅडम, एक विचारू का’ म्हणत खिशातून फोन काढतो आणि फोन पुढे करताना गोळ्यांची बाटली दुसऱ्या हाताने पिशवीत सरकवतो, तेव्हा बहुतेक वेळा ती बाटली जेवढी रिकामी असायला हवी तेवढी झालेली नसते. गोळ्या थांबवल्या की विषाणू साधारणतः दोन ते चार आठवड्यांत रक्तात परत दिसू लागतो. रक्तातील सीडी४ पेशींची मोजणी चांगली आहे म्हणून मध्ये मध्ये उपचार थांबवून पाहण्याचा प्रयोग ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत झाला होता आणि थांबवणाऱ्यांत आजार व मृत्यू वाढल्यामुळे जानेवारी २००६ मध्ये तो बंद करावा लागला. सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील विषाणुरोधक उपचार) केंद्रात मिळणारी गोळी २००४ पासून मोफत आहे आणि २०१७ पासून तर सीडी४ कितीही असले तरी निदान होताच उपचार सुरू होतात. ऊसतोडीला सीमेपलीकडे जाणाऱ्यांनी किंवा गोव्याला कामाला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी केंद्रात सांगितले, तर पुढच्या गोळ्यांची व्यवस्था होऊ शकते. न सांगता गेल्यावर मात्र खंड पडतो.

सूक्ष्मदर्शी सरांना एक विचारायचे आहे. गुप्तरोगाची लक्षणे असतील तर सुरक्षा क्लिनिकमध्ये जा, असे आम्ही सर्वांना सांगतो, कारण जखमेतून विषाणू सहज शिरतो. यात आसंजन रेणूंचाही वाटा असतो का?

सूक्ष्मदर्शी :
ताई, असतो, आणि तो केवळ उघड्या जखमेपुरता नसतो. हर्पिस किंवा इतर लैंगिक संसर्गामुळे दाह झाला की तिथल्या अस्तरपेशींवर आयकॅम व व्हीकॅम वाढतात, त्यामुळे सीसीआर५ असलेल्या उत्तेजित टी पेशी आणि डेंड्रायटिक पेशी तिथे येऊन जमतात. म्हणजे विषाणूला ज्या पेशी हव्या असतात त्या त्याच्या वाटेवरच गोळा झालेल्या असतात. हर्पिसचे फोड वरून बरे झाल्यावरही या पेशी त्या जागी बराच काळ रेंगाळतात. भारतात प्रामुख्याने आढळणारा एचआयव्हीचा सी उपप्रकार मुख्यत्वे सीसीआर५ च वापरत असल्याने हा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू पडतो. आपल्या क्लिनिकमधला साधा उपचार या साखळीची एक कडी तोडतो आणि त्यासाठी कुठल्याही महागड्या प्रतिपिंडाची गरज लागत नाही.

घटप्रभा :
नमस्कार. माझे एक नातेवाईक सहा वर्षांपासून एआरटीवर आहेत आणि विषाणूभार (रक्तातील विषाणूचे प्रमाण) ‘आढळला नाही’ असा अहवाल दरवर्षी येतो. एका खासगी प्रयोगशाळेने त्यांना ‘दाह-तपासणी पॅकेज’ सुचवले असून त्यात सोल्युबल, म्हणजे रक्तात मोकळे फिरणारे, आयकॅम-१ आणि व्हीकॅम-१ आहेत. त्याचे पैसे बरेच आहेत. हा अहवाल पाहून उपचारात काही बदल होईल का?

सूक्ष्मदर्शी :
होणार नाही. हे रेणू अस्तरपेशींवरून सुटून रक्तात येतात, उपचार न घेतलेल्या रुग्णांत त्यांचे प्रमाण वाढलेले असते, उपचारांनी ते उतरते आणि काहींत पूर्ण उतरत नाही. संशोधनात त्यांचा उपयोग आहे, कारण विषाणू दबलेला असूनही हृदयविकाराचा धोका का राहतो, याचा एक धागा तिथून जातो. पण एखाद्या माणसाचा आकडा अमुक आला म्हणून अमुक औषध द्यावे, असा नियम नाही. तो आकडा विडी-सिगारेटनेही वाढतो, साध्या जंतुसंसर्गानेही वाढतो. पॅकेजचे पैसे वाचवावेत.

त्याऐवजी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी करावी. भारतासह अनेक देशांतील ७,७६९ जणांवर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत एआरटीवरच्या ४० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन गटातले औषध दिल्यावर हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नातेवाइकांचे वय त्यात बसत असेल, तर स्टॅटिनबद्दल केंद्रातील डॉक्टरांना जरूर विचारावे.

घटप्रभा :
वय ५२ आहे. तंबाखूच्या वखारीत हमाली करत होते आणि विडी अजून सुटलेली नाही.

मलप्रभाकाठ :
मग त्यांच्या बाबतीत पहिले काम विडीचे. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जातील तेव्हा तुम्ही सोबत जावे आणि डॉक्टरांसमोर हे दोन्ही विषय, विडी आणि स्टॅटिन, तुम्हीच काढावेत. पुरुष माणसे विडीचे स्वतःहून सांगत नाहीत. विषाणूभाराची वार्षिक तपासणी केंद्रात मोफत होते, तिचा महिना त्यांच्या हिरव्या पुस्तिकेत किंवा कार्डावर लिहून घ्यावा. काही अडचण आली तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.